एकतीस रेघा

हल शहरात, सायकलींच्या दुकानावर आमची कचेरी.
खालून रबराचा, वंगणाचा वास येतो,
वर मी इतरांच्या बोलण्याला कपडे चढवतो.
बावीस वर्षं झाली. पेन्सिल लाल.

विनिफ्रेड स्टॅदर्सची वही फेब्रुवारीत आली.
वय अठ्ठ्याहत्तर. हयात मासे चिरण्यात गेलेली.
वहीत अवतरणचिन्ह औषधालाही नाही.
आई, ओलिव्ह मावशी, तिघी बहिणी
एकाच परिच्छेदात कोंबलेल्या,
कोण मीठ मागतंय, कोण कुणावर खेकसतंय,
पत्ता लागू नये.

मी नियमाने वागलो.
बोलणारा बदलला की नवी ओळ, समासापासून जराशी आत.
बोलणं उघडताना एक उलटा स्वल्पविराम, मिटताना सुलटा.
एकेरीच; दुहेरी आम्ही राखून ठेवतो
बोलण्यातल्या बोलण्यासाठी.
खरा स्वल्पविराम चिन्हाच्या आत,
उंबऱ्याच्या आत काढून ठेवलेल्या बुटासारखा.
आणि ‘ती म्हणाली’ मधली ती लहान अक्षरात,
समोर प्रश्नचिन्ह दंड थोपटून उभं असलं तरी,
कारण वाक्य अजून संपलेलं नसतं.

आई जिथे जिथे अर्ध्यावर थांबली होती
तिथे मी तीन टिंबं दिली.
बिचारी, मला वाटलं, विरून जाते.

मार्चात प्रुफं बघायला ती स्वतः आली.
जिन्याने धाप लागलेली, ओला कोट अंगावरच.
दोन पानं वाचून म्हणाली,
‘किती जागा दिलीस रे सगळ्यांना!
आमच्याकडे पलंग दोन, माणसं सात.
इथे तर एकेकीला वेगळी खोली.’
पुन्हा एकत्र करू का, मी विचारलं.
‘नको. पाय पसरू देत जरा.’

पान एकेचाळीसवर वडील.
तीन आठवड्यांनी बोटीवरून उतरलेले,
अडीच पानं एकटेच बोलतात.
अशा माणसासाठी वेगळा नियम आहे:
प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी चिन्ह उघडायचं,
मिटायचं मात्र अगदी शेवटी, एकदाच.
ती हसली.
‘अगदी तस्सेच. दार उघडं टाकून आत यायचे.
घरातली ऊब सगळी रस्त्यावर.’

मग तिचं बोट आईच्या टिंबांवर थांबलं.
‘हे काय?’
म्हटलं, बोलणाऱ्याचा आवाज विरत गेला की टिंबं.
‘आणि कुणी मधेच तोडलं तर?’
तर आडवी रेघ.
तिने माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली.
‘माझ्या आईचा आवाज विरत नव्हता.
गोदीच्या भोंग्यावर चढायचा तो.’

त्या दुपारी आम्ही दोघांनी टिंबं खोडली.
ती पान सांगायची, मी रेघ मारायचो.
एकतीस.
प्रत्येक रेघेखाली, नव्या ओळीत, जरासे आत,
मोठ्या अक्षराने सुरू होणारे वडील.
ही पानं मी चार वेळा वाचली होती.
खालच्या ओळीत कोण उभं आहे
एकदाही बघितलं नव्हतं.

बत्तिसावी जागा पान चौऱ्याण्णववर.
बोट यायची होती, त्याला नऊ दिवस उलटलेले.
आई चुलीवर किटली ठेवते, म्हणते,
‘या वेळी आला ना, की मी त्याला . . .’

मी पेन्सिल टेकवली.
विनिफ्रेडने माझं मनगट धरलं.
‘इथे मधे तोंड घालायला
होतं कोण?’

खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटा वाजवून बघत होतं,
एकदा, मग थोड्या वेळाने परत,
घ्यावी की नाही
ठरत नसल्यासारखं.